दोन रकान्यांची वही

माझ्या गॅरेजमधल्या फळीवर एक दोनशेपानी वही पडलेली असते. कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली, मधल्या एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. दुसऱ्या वर्षापासून पुढच्या प्रत्येक पानावर पट्टीनं एक उभी रेघ मारलेली आहे. रेघेच्या डावीकडे गाडीनं काय केलं ते लिहायचं, उजवीकडे त्यावरून मला काय वाटलं ते. हे पुस्तक त्या वहीतून निघालं आहे. पुस्तकातलं बाकी सगळं वाचक विसरला तरी चालेल, ती रेघ लक्षात राहिली तर माझे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

गाडी आहे १९७० सालची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची. नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात आलो, घर घेतलं, आणि घराला गॅरेज आहे ते रिकामं कशाला ठेवायचं म्हणून ही गाडी घेतली, असं मी घरी सांगितलं. खरं तर गॅरेज आहे म्हणूनच ते घर घेतलं होतं. बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधली मोटारविक्री आणि दुरुस्तीची पेढी. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, चपळ बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी हे नाव जन्माला आलं. पुढे कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन या गावी गेला. एमजीबी तिथे १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९८० मध्ये कारखान्याबरोबरच थांबली. या अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. संख्या इतकी मोठी असल्यामुळे आजही वायसरपासून विंडस्क्रीनपर्यंत सगळं मिळतं. १९८८ पासून तर जुन्या साच्यांवर दाबलेल्या पत्र्यांची आख्खी नवी बॉडीसुद्धा मिळू लागली.

घरी दुरुस्ती शिकायला ही गाडी सोयीची आहे. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन एसयू कार्बोरेटरचं. नवं असताना त्याची ताकद साधारण ९५ अश्वशक्ती होती. आजची एखादी साधी हॅचबॅकसुद्धा सिग्नलवरून तिला मागे टाकते. पण बोनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूनं खालची फरशी दिसते. हात घालायला जागा आहे, घातलेला हात सालपटं न निघता बाहेर येतो, आणि कुठल्याही दोषाचं कारण शेवटी डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं किंवा साध्या मीटरवर मोजता येतं.

शिवाय हे इंजिन आपल्याला परकं नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं हे इंजिन, आणि आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. सोलापुरात आमच्याकडे अँबॅसडर होती. वडील डॉक्टर होते आणि व्हिजिटला तीच गाडी न्यायचे. तिचे टॅपेट सेट करायला मिस्त्री दारात यायचे आणि हँडल फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. ‘बाळ, पहिला दाबला गेला ना? मग आता आठवा.’ दुसरा दाबला की सातवा, तिसरा दाबला की सहावा. आठ व्हॉल्व्हपैकी जो पूर्ण उघडलेला असेल त्याचा क्रमांक आणि ज्याची फट मोजायची त्याचा क्रमांक, दोन्हींची बेरीज नेहमी नऊ. कित्येक वर्षांनी इंग्लंडमध्ये एका जुन्या मार्गदर्शिकेत ‘नऊचा नियम’ असा मथळा वाचला तेव्हा मला आमच्या दारातला लिंबाचा वास आला.

मिस्त्रींची आणखी एक सवय होती. गाडी बिघडली की ते लगेच बोनेट उघडत नसत. हात खिशात घालून दहा मिनिटं नुसते विचारत राहायचे. ‘कधी बंद पडते, डॉक्टरसाहेब? गार असताना का तापल्यावर? चढाला का सपाटीला? आधी झटके खाते का एकदम मरते?’ वडील कंटाळून म्हणायचे, ‘अहो, पेट्रोल येत नाहीये, एवढं बघा ना.’ त्यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘ते मी बघतो. तुम्ही फक्त काय झालं ते सांगा.’ एकदा ते गेल्यावर वडील आईला म्हणाले, ‘हा माणूस माझ्यापेक्षा चांगली हिस्टरी घेतो.’

हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असूनही मी पहिल्या वर्षी काय केलं, ते इथे सांगणं भाग आहे, कारण या पुस्तकाचं मूळ त्या मूर्खपणात आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात गाडी मिसिंग करायला लागली. रस्त्यावर मध्येच झटके खायची, पुन्हा सुरळीत व्हायची. मी वहीत लिहिलं, ‘पेट्रोल कमी पडतंय.’ कार्बोरेटर उघडून धुतले. फरक पडला नाही. लिहिलं, ‘पंप कमजोर.’ नवा पंप टाकला. मग प्लग, मग पॉइंट, मग कंडेन्सर, मग कॉइल. दर वेळी भाग बदलून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायचो, गाडी झकास पळायची, आणि मी विजयी मुद्रेनं चहा प्यायचो. रविवारी लांब गेलो की झटके हजर. नवा कंडेन्सर तर तीन आठवड्यांत मेला, म्हणजे आता दोन दोष झाले आणि मला एकाचाही पत्ता नव्हता. सप्टेंबरपर्यंत जेवढे पैसे गेले त्यांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर आहे. तो पुस्तकात घेतलेला नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी ती पानं पुन्हा वाचायला घेतली आणि लक्षात आलं की वहीत गाडी जवळजवळ नाहीच, मीच आहे. ‘पेट्रोल कमी’, ‘पंप कमजोर’, ‘पॉइंट गेले असणार’. हे सगळे निकाल होते, साक्षीदार कुणीच नव्हता. मग मी माझी सगळी मतं खोडून काढली. उरल्या तीन ओळी. जागेवर उभी असताना नीट चालते. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून, पन्नास मैलांच्या वेगानं झटके खाते. टेकडीवर पाय पूर्ण दाबला की पुन्हा नीट.

चढाला का सपाटीला? मिस्त्रींचा प्रश्न चाळीस वर्षं उशिरा माझ्यापर्यंत पोचला. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी चढावरच सगळ्यात आधी मेली असती, कारण इंजिनाला पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज तिथेच असते. इथे तर उलटं होतं. मग हलक्या पायाला असं काय घडतं, जे पूर्ण दाबल्यावर घडत नाही? डिस्ट्रिब्युटरला, ज्याला आपल्याकडचे जुने मिस्त्री डेल्को म्हणतात, एक पत्र्याची डबी जोडलेली असते. हलक्या थ्रॉटलला कार्बोरेटरकडून येणाऱ्या ओढीनं त्या डबीतला पडदा खेचला जातो, त्याबरोबर पॉइंट बसवलेली तबकडी थोडी फिरते आणि ठिणगी जराशी लवकर पडते. पाय पूर्ण दाबला की ती ओढ संपते आणि तबकडी जागेवर येते. गल्लीच्या चक्करीत मी एक तर उभा असायचो नाही तर जोरात पळवायचो. तबकडी फिरावी अशी संथ चाल तिथे कधी होतच नव्हती.

झाकण काढून तबकडी बोटानं फिरवली. पॉइंटकडे जाणारी वितभरही नसलेली वायर तिच्याबरोबर वाकायची आणि सरळ व्हायची. वरचं आवरण धडधाकट होतं, पण इतक्या वर्षांच्या वाकण्यानं आतल्या तारा तुटून दोन-तीनच उरल्या होत्या. पॉइंट बदलताना मी ती वायर स्वतःच्या हातांनी सोडून पुन्हा जोडली होती. बदलायला पंधरा मिनिटं लागली. त्या रात्री पट्टी घेऊन बसलो आणि कोऱ्या पानांवर उभ्या रेघा मारल्या.

या पुस्तकाची रचना त्या रेघेनंच ठरवली आहे. पहिल्या भागात एकही पाना हातात घ्यायचा नाही. तो डाव्या रकान्याचा भाग आहे. गाडीला काय विचारायचं आणि ती कशी उत्तर देते, एवढंच त्यात आहे. उदाहरणार्थ, चावी फिरवल्यावर मागच्या बाजूनं एसयू पंपाची टकटक ऐकू येते. कार्बोरेटर भरले की ती मंदावते आणि थांबते. न थांबता टकटक चालूच राहिली तर टाकी रिकामी आहे, कुठे गळती आहे किंवा पंप हवा ओढतोय. आवाजच नसेल तर पंपाला करंट पोचत नाही, किंवा त्याचे पॉइंट चिकटले आहेत. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकी टिचकी मारली की तो बऱ्याचदा जागा होतो. घरी पोचायला हा उपाय पुरतो. दुसऱ्या दिवशी पंप काढून बघायचाच.

तसंच कार्बोरेटरचं. इंजिन तापलेलं आणि जागेवर चालू असताना कार्बोरेटरखालची बारीक पिन बोटानं वर ढकलून आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन लडखडलं तर कमी आहे. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर हात मागे घ्या आणि बोनेट बंद करा. दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे बघायला रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीनं दोन्ही तोंडांशी धरायचं. फुसफुस सारखी यायला हवी. पण पिनला हात लावण्याआधी पॉइंट, प्लग आणि टॅपेट तपासलेले असले पाहिजेत. कार्बोरेटरच्या नावानं केलेल्या बऱ्याच तक्रारी शेवटी ठिणगीच्या निघतात.

विजेच्या दोषांना लोक फार घाबरतात. ल्युकास कंपनीच्या दिव्यांवरून इंग्रजांनी इतके विनोद केले आहेत की वायरिंगचा दोष म्हणजे नशिबाचा भाग असा समज झाला आहे. प्रत्यक्षात या गाडीच्या वायरिंगला बाराखडी आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते. जांभळी फ्यूजमधून येते आणि चावी नसतानाही जिवंत असते. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींच्या पलीकडची. काळी अर्थिंगची. आता वायपर, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि पेट्रोलचा काटा असे चौघे एकदम गेले, तर चार दोष शोधत बसायचं नाही. चौघांनाही वीज हिरवीतून मिळते. तिच्या उगमाशी जा, फ्यूज आणि त्याच्या गंजलेल्या पकडी बघा. एकेकटा दिवा गेला तर मात्र आधी त्याची अर्थिंग घासून स्वच्छ करा.

दुसरा भाग ठरलेल्या वेळी करायच्या कामांचा. त्यात नाट्य काही नाही, पण गाडी टिकते ती यावरच. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर ३००० मैलांनी ग्रीस, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन निपल. टॅपेटची फट ०.०१५ इंच, पॉइंटची ०.०१४ ते ०.०१६ इंच. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. हे आकडे दर वेळी वहीत लिहा, बदल करण्याआधीचेही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं, आणि मूळ मऊ बैठकांवर बसणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्यानंतर हळूहळू आत रुतू लागले. तुमच्या गाडीत तसं होतंय का, हे हेड न उघडता कळतं. तोच व्हॉल्व्ह दर वेळी कमी फट दाखवत असेल तर डाव्या रकान्यातले आकडेच तुम्हाला सांगतील.

पेट्रोलची दुसरी अडचण नवी आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि भारतात तर आता वीस टक्के. इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबराला खातं. पुण्यात जुनी फियाट जपणाऱ्याला आणि मिडलंड्समध्ये एमजीबी जपणाऱ्याला इथे एकच सल्ला आहे: पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, बसवल्याची तारीख लिहून ठेवा, आणि गाडीत पेट्रोलचा वास आला की त्याच क्षणी थांबा.

तिसरा भाग गंजाचा आहे आणि तो सगळ्यात मोठा झाला आहे. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि उघड्या टपाच्या गाडीत दाराखालच्या पोकळ सिलवर बराचसा भार येतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणच्या समुद्रहवेत जे वर्षभर हळूहळू होतं, ते इथे चार महिन्यांत घाईघाईनं होतं. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंगाची चमक बघू नका. दार उघडझाप करून बघा, मग गाडी जॅकवर उचलून तेच दार पुन्हा लावून बघा. दार अडलं तर सिल आतून खलास आहे आणि गाडी मधोमध वाकते आहे. इंजिन दुरुस्त करणं स्वस्त पडतं, सांगाडा नाही.

चौथा भाग घरी काय करू नये याचा. सिलचं वेल्डिंग, क्रँक घासणं, स्टीअरिंगच्या रॅकची उघडझाप ही कामं ज्याच्याकडे अवजारं आणि सराव दोन्ही आहेत त्याच्याकडे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक उचलण्यापुरता असतो, गाडी धरायला स्टँड लागतात. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा. गॅरेजमध्ये बॉयलरची ज्योत पेटती असेल तर पेट्रोलचं काम बाहेर. बॅटरी सोडताना अर्थिंगची वायर आधी काढा, जोडताना ती शेवटी लावा. आणि १९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर तिची अर्थिंग उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह असते, हे बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा.

यात एक जबाबदारीही आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. म्हणजे आता तुमचे ब्रेक तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला ते माहीत नसतं. सूट असूनही मी दरवर्षी गाडी तपासणीला नेतो. आपल्याच कामात आपल्याला दोष दिसत नाहीत, म्हणून परक्या डोळ्यांसाठी फी मोजतो.

भाषेबद्दल एक शब्द. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ पुस्तकं आहेत, मग मराठीत कशाला, असं मला विचारलं गेलं. टॅपेट, प्लग, पॉइंट, चोक, पिकअप, ‘गाडी मिसिंग करतेय’, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ ही आमच्या मिस्त्रींची मराठी होती आणि त्याच मराठीत मला इंजिन पहिल्यांदा कळलं. तिला शुद्ध करण्याचा उद्योग मी केलेला नाही. ज्वलनपूर्व स्फुल्लिंगयोजन असं काही या पुस्तकात सापडणार नाही.

आभार थोडक्यात. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी पाच हिवाळे माझ्यासाठी टॉर्च धरला आणि एकदाही सल्ला दिला नाही. बायकोनं स्वयंपाकघरातला ओव्हन एका गास्केटसाठी वापरू दिला, त्यानंतर मात्र कधीच नाही. वडील आणि मिस्त्री दोघेही आता नाहीत. हे पुस्तक त्यांच्या दारातल्या त्या दहा मिनिटांना अर्पण केलं आहे.

शेवटची चाळीस पानं कोरी आहेत आणि त्यांवर उभी रेघ छापून घेतली आहे. तारीख आणि मैल वर लिहा, गाडीनं काय केलं ते डावीकडे. उजवीकडचं लगेच भरायची घाई नको, दोन-चार दिवस कोरं राहिलं तरी चालेल. फक्त पेन गॅरेजमध्येच ठेवा. घरात ठेवलं तर हात धुऊन, टॉवेलला पुसून लिहायला बसेपर्यंत गाडीनं काय केलं ते आपण विसरलेलो असतो, आणि आपल्याला काय वाटलं तेवढंच आठवतं.